पॉइंट शूजची घाई नको

लेकीला वाशीत बॅलेला घातलंत, छान केलंत. पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे कडक टोकाचे बूट, मात्र एवढ्यात मागवू नका. 11-12 वर्षांच्या आधी आणि काही वर्षं नियमित सराव झाल्याशिवाय नकोतच.

खरी गोम टर्नआउटची. पाय बाहेर वळायला हवा तो खुब्यातून. मुली काय करतात, पावलं जमिनीवर रेटून फिरवतात आणि गुडघा राहतो समोरच. मग पीळ गुडघ्यावर. प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना बघा, गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेत हवा. नसेल तर वळण कमी करायचं, त्यात लाज कसली?

- घरच्या टाइल्सवर उड्या बंद. सोसायटीच्या हॉलमधले क्लासही बऱ्याचदा अशाच कडक फरशीवर, तेव्हा फ्लोअर कसला ते विचारा.
- भराभर उंची वाढतेय? ताणून स्ट्रेचिंग नको.
- नडगीवर एकाच जागी दाबलं की दुखतंय? बाम चोळत बसू नका, ऑर्थोपेडिकला दाखवा.