वडिलांचा राग माझ्या वाट्याला येणारच का?

"माझे वडील असे होते, आजोबाही असेच होते, म्हणजे मीही तसाच होणार," हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत मला वारंवार ऐकायला मिळते. कधी त्यामागे व्यसन असते, कधी मोडलेला संसार, तर कधी घरातली आत्महत्या. पण बोलणाऱ्याच्या मनातली भीती एकच असते, की आपले आयुष्य आधीच ठरून गेले आहे आणि आपल्या हाती केवळ वाट पाहणे उरले आहे. या चिंतेविषयी एका गृहस्थांच्या अनुभवातून लिहीत आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ साहित्याचे प्राध्यापक आहेत. ते प्रथम आले तेव्हा त्यांच्या पत्नीला सातवा महिना लागला होता. गेले काही महिने ते उशिरापर्यंत महाविद्यालयात थांबत होते, सुटीच्या दिवसांतही बाहेरगावची कामे अंगावर घेत होते, आणि बाळ जन्मल्यावर आपण काही वर्षे वेगळे राहावे, असा प्रस्ताव त्यांनी पत्नीपुढे ठेवला होता. त्यांचे वडील रागाच्या भरात आईला आणि मुलांना मारीत असत. "आजोबाही असेच होते, हे रक्तातच आहे. मी जवळ राहिलो तर एक दिवस माझाही हात उठेल," असे ते म्हणाले. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजचे 'राजा ईडिपस' ते वर्षानुवर्षे शिकवीत आले होते, आणि ठरलेले टळत नाही हेच ते नाटक सांगते, अशी त्यांची पक्की समजूत होती.

अशा वेळी मी आधी साहित्याकडे वळत नाही. त्यांनी पत्नीवर कधी हात उगारला आहे का, वस्तू फेकल्या आहेत का, धमकी दिली आहे का, हे मी त्यांना स्पष्टपणे विचारले आणि त्यांच्या पत्नीशीही स्वतंत्रपणे बोलले. तसे काही घडले नव्हते. घडले असते, तर आमच्या कामाची सुरुवात पत्नीच्या सुरक्षिततेपासून झाली असती आणि बाकी सारे नंतर आले असते.

मग मी त्यांना संशोधन सांगितले. लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी किती जण पुढे स्वतःच्या मुलांना छळतात, याचा आढावा जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ साली घेतला आणि ते प्रमाण सुमारे ३० टक्के असल्याचा अंदाज मांडला. म्हणजे धोका खरोखरच वाढतो. तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु बहुसंख्य माणसे ती साखळी पुढे नेत नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. यावर त्यांनी लगेच विचारले, "मी त्या तिसांमधला असलो तर?" भ्यालेल्या माणसाला टक्केवारीने धीर येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्या भीतीची भाषा नाटकाची होती, म्हणून मी नाटकाकडे वळले.

ईडिपस डेल्फीला, अपोलो देवाच्या देववाणीच्या स्थानी, का गेला, एवढेच मी त्यांना विचारले. उत्तर त्यांना अर्थातच ठाऊक होते. कॉरिंथमध्ये एका मेजवानीत कुणी मद्यधुंद माणसाने त्याला तू तुझ्या बापाचा खरा मुलगा नाहीस असे हिणवले. त्याला वाढवणारे राजा पॉलिबस आणि राणी मेरोपी यांनी त्या माणसावर संताप व्यक्त करून ईडिपसची समजूत घातली, तरी शंका मनातून जाईना, म्हणून तो देववाणीला विचारायला गेला. अपोलोने त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही. तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, एवढेच सांगितले. ते ऐकून ईडिपस कॉरिंथपासून दूर पळाला. पळताना त्याने गृहीत धरले, की पॉलिबस आणि मेरोपी हेच आपले आईबाप आहेत. जो प्रश्न घेऊन तो निघाला होता, तो अनुत्तरित असूनही भीतीपोटी त्याने सुटल्यासारखा मानला. पुढे तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी एका वृद्धाशी वाट देण्यावरून तंटा झाला, वृद्धाने त्याच्या डोक्यावर प्रहार केला आणि ईडिपसने संतापून त्याला ठार केले; तोच त्याचा खरा बाप होता. माझ्या मते नाटकाचे मर्म इथे, भविष्य ऐकून प्रश्न टाकून देण्यात आहे.

यावर ते बराच वेळ वाद घालीत राहिले, आणि त्यांचा वाद योग्यही होता. अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाचा पात दुष्टपणामुळे नव्हे तर एखाद्या मोठ्या चुकीमुळे होतो असे म्हटले, तरी ईडिपसला जणू शिक्षाच झाली असे मानणारे वाचन ग्रीक साहित्याचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी १९६६ सालच्या निबंधात खोडून काढले आहे, हे त्यांनी मला सुनावले. परंतु त्याच डॉड्स यांचे दुसरे म्हणणे असे, की जे भाकीत होते ते नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेले आहे. रंगमंचावर ईडिपस जे करतो, ते तो स्वतंत्रपणे करतो. नगरातल्या साथीचे कारण शोधायचे, जिच्याशी त्याने नकळत लग्न केले ती त्याची आई योकास्टा विनवीत असतानाही तपास थांबवायचा नाही, हे निर्णय त्याचेच आहेत.

मग मी त्यांच्या टाकून दिलेल्या प्रश्नाकडे वळले. "आजोबाही असेच होते," हे त्यांना कुणी सांगितले होते? आठवून पाहिले, तेव्हा तसे कुणीच स्पष्टपणे सांगितलेले नव्हते. विचारल्यावर हाती येणारे उत्तर वाईटही असू शकते, याची कल्पना देऊन मी त्यांना वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे जाण्यास सुचवले. आत्याबाईंनी सांगितले, की आजोबांनी कुणावर कधी हात उगारला नव्हता. ते महिनोन्‌महिने कामानिमित्त बाहेर राहत आणि घरी असले तरी मुलांशी बोलत नसत. हे ऐकून ते अस्वस्थ झाले, कारण वेगळे राहण्याचा जो मार्ग त्यांना वडिलांपासून सुटण्याचा वाटत होता, तो आजोबांनी आधीच चोखाळलेला होता.

अपराधभावाचा भाग याहून अवघड होता. आईला मार बसत असताना आपण आठ वर्षांचे होतो आणि दाराआड उभे राहिलो, हे ते स्वतःला क्षमा करू शकत नव्हते. इथे मला सोफोक्लीजच्या उत्तरायुष्यातल्या 'ईडिपस कोलोनसमध्ये' या नाटकाचा आधार वाटला. ते लेखकाच्या मृत्यूनंतर इ. स. पूर्व ४०१ मध्ये रंगमंचावर आले. पहिल्या नाटकात आंधळा झालेला ईडिपस म्हणतो, की ही दुःखे अपोलोने आणली, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच होता. कोलोनसमध्ये तोच माणूस ठामपणे सांगतो, की माझी कृत्ये मी केली यापेक्षा मी सोसली असे म्हणावे. मला काही ठाऊक नव्हते. ही दोन्ही उत्तरे मला खरी वाटतात. ज्या घरात जन्मलो आणि आठव्या वर्षी जे पाहावे लागले, त्याबद्दल कोलोनसमधला ईडिपस बोलतो. आज राग आल्यावर हात कुठे जाईल, याबद्दल मात्र पहिल्या नाटकातलाच ईडिपस ऐकायला हवा.

रोजच्या वागण्याच्या कामात त्यांनीच शेक्सपिअरच्या बँक्वोचा उल्लेख केला. सुमारे १६०६ मध्ये लिहिलेल्या 'मॅकबेथ'मध्ये चेटकिणी मॅकबेथ आणि त्याचा सहकारी सेनापती बँक्वो या दोघांनाही भविष्य सांगतात. खून मात्र एकटा मॅकबेथ करतो. बँक्वोच्याही मनात वाईट विचार येतात, पण झोपेत मनात शिरणारे ते विचार आवरावेत अशी तो दैवी शक्तींना प्रार्थना करतो. मनात विचार येणे आणि तसे वागणे यांत अंतर आहे, हे त्यांना त्या पात्रातून पटले. त्यानंतर आम्ही रागाची पूर्वचिन्हे लिहून काढली: जबडा आवळणे, आवाज चढणे, समोरच्याचे वाक्य तोडणे. राग वाढू लागला की "मी वीस मिनिटांसाठी बाहेर जातो" असे पत्नीला सांगून जायचे, ठरल्या वेळी परत यायचे आणि अर्धवट राहिलेले बोलणे पूर्ण करायचे, असा करार दोघांनी केला. सांगून जाणे आणि परत येणे या दोन अटींमुळे ही पद्धत पळून जाण्यापेक्षा वेगळी ठरते, म्हणून त्यांवर मी फार भर दिला.

बाळ जन्मले तेव्हा ते घरीच होते. पहिल्या काही महिन्यांत, अपुऱ्या झोपेच्या दिवसांत, हा करार त्यांना अनेकदा वापरावा लागला आणि एकदा ते ठरल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा परतले. त्या प्रसंगावर आम्ही पूर्ण एक सत्र दिले. त्यांच्या पत्नीशी मी अजूनही अधूनमधून स्वतंत्रपणे बोलते. वेगळे राहण्याचा प्रस्ताव त्यांनी मागे घेतला आहे आणि सध्याच्या सत्रांमध्ये ते वडिलांविषयी, त्यांच्या रागाची सुरुवात कशी झाली असेल याविषयी, बोलत आहेत.