वाचकांचे प्रश्न : पोलाद गेल्यानंतरचे पिट्सबर्ग

प्रश्न : अमेरिकेतील पिट्सबर्ग शहर पूर्वी पोलादासाठी प्रसिद्ध होते आणि आज ते रुग्णालये, विद्यापीठे व यंत्रमानवांवरील संशोधन यांसाठी ओळखले जाते, असे वाचनात आले. एखाद्या शहराचा मुख्य उद्योग असा कसा बदलतो? पोलाद कारखान्यांतील कामगारांना या नव्या उद्योगांत काम मिळाले का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. मात्र ते समजण्यासाठी आधी पोलाद तेथे का आले आणि का गेले, हे पाहावे लागेल.

अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्यांच्या संगमावर पिट्सबर्ग वसले आहे. भोवतालच्या टेकड्यांत दगडी कोळशाचा जाड थर होता, जवळच्या कॉनेल्सव्हिल परिसरात त्या कोळशापासून कोक, म्हणजे लोहखनिज वितळवण्यासाठी लागणारे इंधन, तयार करणाऱ्या भट्ट्या होत्या, वाहतुकीला नद्या व रेल्वे होती आणि पुढे मिनेसोटाच्या खाणींतील लोहखनिज सरोवरांच्या जलमार्गाने येऊ लागले. अँड्र्यू कार्नेगी यांनी १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉक येथे पोलादाचा कारखाना सुरू केला, तो या अनुकूलतेच्या बळावर. १९०१ मध्ये त्यांचा सारा व्यवसाय विकत घेऊन ‘यू. एस. स्टील’ ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिचे भांडवल शंभर कोटी डॉलरहून अधिक होते. या वैभवाची किंमत कामगार आणि नागरिक दोघांनीही मोजली. १८९२ मध्ये कार्नेगी यांच्या होमस्टेड येथील कारखान्यातील संपात त्यांच्या कंपनीने आणलेले खासगी रक्षक आणि कामगार यांच्यात प्राणघातक चकमक झाली व कामगार संघटना मोडली गेली. शहरात धूर इतका असे की, काही दिवशी भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत.

हा उद्योग जपानच्या स्वस्त पोलादामुळे बुडाला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९५९ मध्ये देशभरातील पोलाद कामगारांचा संप ११६ दिवस चालला आणि त्याच वर्षी अमेरिकेची पोलादाची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली, हे खरे. पण भट्टीत ऑक्सिजनचा झोत सोडून झटपट पोलाद करण्याची पद्धत ऑस्ट्रियात १९५२ पासूनच वापरात आली असताना अमेरिकेतील बड्या कंपन्या जुन्या, संथ भट्ट्यांवर दीर्घकाळ विसंबून राहिल्या. दुसरीकडे, भंगार वितळवून विजेच्या भट्टीत पोलाद करणारे छोटे कारखाने देशाच्या इतर भागांत उभे राहत होते. डॉलर महाग झाला आणि १९८१-८२ ची मंदी आली, तेव्हा जुन्या कारखान्यांना तग धरता आला नाही. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, यू. एस. स्टीलने अब्जावधी डॉलर खर्चून ‘मॅरेथॉन’ ही तेल कंपनी विकत घेतली. कारखाने आधुनिक करण्याची गरज सर्वाधिक होती त्या वेळी पैसा दुसरीकडे वळवला गेला, ही गोष्ट कामगारांच्या मनातून कधीच गेली नाही, आणि माझ्या मते त्यांचा रोष रास्त होता. १९८३ च्या प्रारंभी पिट्सबर्ग परिसरातील बेरोजगारी १७ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला; त्या जागेवर आज दुकाने आणि चित्रपटगृह आहे.

आता नव्या उद्योगांकडे वळू. ते पोलाद गेल्यावर कोणी योजना आखून आणले, असे झालेले नाही. त्यांची मुळे पोलादाच्या भरभराटीच्या काळातच रुजली होती. कार्नेगी यांनी १९०० मध्ये दिलेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तांत्रिक शाळांचे पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठ झाले आणि तेथे यंत्रमानवांवरील संशोधन संस्था १९७९ मध्ये, म्हणजे अनेक भट्ट्या अजून धगधगत असताना, सुरू झाली. जोनास साल्क यांची पोलिओची लस पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झाली आणि ती यशस्वी ठरल्याची घोषणा १९५५ मध्ये झाली. यकृत प्रत्यारोपणाचे अग्रणी शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल १९८१ मध्ये याच विद्यापीठात आले.

रुग्णालये वाढण्यामागे आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. पोलाद कामगारांच्या संघटनांनी दीर्घ वाटाघाटींतून आपल्या सभासदांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी चांगला आरोग्य विमा मिळवला होता, आणि १९६५ च्या कायद्याने वृद्धांच्या उपचारांचा खर्च केंद्र सरकार उचलू लागले. तरुण मंडळी कामाच्या शोधात शहर सोडून गेली. मागे राहिले ते वयस्क, कष्टांनी झिजलेले, पण विमा असलेले लोक. त्यांच्या उपचारांवर रुग्णालये विस्तारली. विद्यापीठाशी संलग्न असलेला ‘यूपीएमसी’ हा रुग्णालयसमूह आज पेन्सिल्व्हेनियातील सर्वांत मोठा बिगरसरकारी रोजगारदाता आहे आणि यू. एस. स्टीलच्या ६४ मजली इमारतीच्या माथ्यावर त्याचे नाव झळकते.

परंतु भट्टीवर राबलेला पन्नाशीचा कामगार संगणकशास्त्रज्ञ झाला नाही. रुग्णालयांतील सेवाशुश्रूषेची कामे मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी केली. त्यात कामगारांच्या बायका आणि मुलीही होत्या. त्या कामांचे वेतन कारखान्यातील वेतनाच्या जवळपासही नव्हते. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६ लाख ७७ हजार होती, ती २०२० मध्ये ३ लाख ३ हजार भरली. ब्रॅडॉकमध्ये एके काळी सुमारे २० हजार लोक राहत. आज दोन हजारही नाहीत. विशेष म्हणजे तेथील पोलाद कारखाना अद्याप चालू आहे, पण तेथील रुग्णालय यूपीएमसीने २०१० मध्ये बंद केले. शहराला नवा उद्योग मिळाला. नदीकाठच्या कारखानी गावांच्या वाट्याला तो फार थोडा आला.

प्रश्न : मग मोटारींचे शहर असलेल्या डेट्रॉइटला हेच का साधले नाही?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : डेट्रॉइटचा उद्योग बंद पडला नाही, तो शहराच्या हद्दीबाहेर गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कंपन्यांनी नवे कारखाने मोकळ्या जमिनीवर, उपनगरांत आणि इतर राज्यांत बांधले. त्यांच्यामागोमाग गोरा मध्यमवर्गही बाहेर पडला. कृष्णवर्णीयांना मात्र घरे देताना उघड भेदभाव होत असल्याने तो मार्ग त्यांना बंद होता. करांचे उत्पन्न आटले आणि १८ लाख ५० हजारांची लोकसंख्या ६ लाख ४० हजारांवर आली. २०१३ मध्ये महापालिकेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आणखी एक फरक आहे. मिशिगन विद्यापीठ १८१७ मध्ये डेट्रॉइटमध्येच स्थापन झाले होते, पण १८३७ मध्ये ते अ‍ॅन आर्बरला हलवण्यात आले. त्यामुळे त्याच्याभोवती उभे राहिलेले संशोधन आणि रोजगार तेथेच एकवटले.

प्रश्न : पिट्सबर्गचा आपल्याकडील पोलाद उद्योगाशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : थेट संबंध आहे. जमशेटजी टाटा १९०२ मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांनी पिट्सबर्गचे अभियंते ज्युलियन केनेडी यांची भेट घेतली. आधी खनिजांची शास्त्रशुद्ध पाहणी करून घ्या, असा सल्ला केनेडी यांनी दिला व त्यासाठी न्यूयॉर्कचे चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचवले. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले. टाटांच्या पोलाद कंपनीची नोंदणी १९०७ मध्ये मुंबईत झाली. पुढे जमशेदपूर म्हणून ओळखल्या गेलेल्या साकची येथील कारखान्याचा आराखडा केनेडी यांच्याच संस्थेने तयार केला, आणि १९१२ मध्ये तेथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले.