जास्वंद पहिल्यांदाच लावताय? मग एवढंच सांभाळा

नवं रोप घरी आणल्यावर कळ्या गळाल्या, तर नाराज होऊ नका. नर्सरीच्या सावलीतून गच्चीवर आलेलं झाड आठ-पंधरा दिवस रुसतंच. फक्त त्याची जागा सारखी बदलू नका.

पहिलं रोप साध्या गावठी लाल जास्वंदीचंच घ्या. मोठ्या फुलांच्या हायब्रिड जाती नाजूक असतात, त्या पुढच्या वर्षी.

- ऊन रोज किमान ५-६ तास. सावलीत नुसती पानं वाढतात.
- कुंडी १२ इंची, तळाची भोकं मोकळी.
- मातीत बोट दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच पाणी. नवशिक्यांची झाडं बहुतेक अतिपाण्यानेच जातात.

रोज सकाळी शेंडे मात्र निरखून बघाच. कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं आणि मुंग्यांची ये-जा दिसली, की तो पिठ्या ढेकूण समजा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल नि थोडा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

छाटणीला घाबरू नका. फूल नव्या फुटीवर येतं, तेव्हा पावसाच्या तोंडावर शेंडे खुशाल छाटा. छाटलेल्या जून काड्या मातीत खोचा, त्यातल्या काही नक्की फुटतील. खतांचं नंतर बोलू.