‘प्रतिजैविक प्रतिकारशक्ती’ : पण कुणाची?

प्रश्न असा आला आहे : आरोग्य केंद्रात लावायच्या फलकावर ‘प्रतिजैविक प्रतिकारशक्ती टाळा’ असा मथळा सुचवला गेलाय. तो बरोबर आहे का? नसेल तर ‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’ला मराठीत काय म्हणावं?

मथळा बदलाच. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आपण पोराबाळांना लस टोचून आणतो. तीच टाळायला सांगितली तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ शास्त्रीय लेखात चालतो, पण फलकावर नको. समासात विभक्ती गळून पडते. प्रतिजैविकांनी केलेला प्रतिरोध की प्रतिजैविकांना झालेला? आणि करणारा कोण, हे तर शब्दात कुठेच नाही.

खरी गोम या न सांगितलेल्या कर्त्यात आहे. तो नसला की माणूस तिथे स्वतःचं शरीर बसवतो. ‘ती गोळी आता मला लागू पडत नाही, अंगाला सवय झाली,’ हे आपण घरोघरी ऐकतो. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह १२ देशांत पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के लोकांनी शरीरच औषधाला सरावतं असं मानलं होतं. इंग्रजीतला शब्दही सामान्य माणसाला उमगत नाही, हे ब्रिटनमध्ये आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या वेलकम ट्रस्टला त्याच वर्षी दिसलं आणि त्यांनी थेट ‘औषधांना न जुमानणारे संसर्ग’ अशा अर्थाची शब्दयोजना सुचवली.

सरावतं ते शरीर नव्हे. औषध पोटात गेलं की कच्चे जंतू मरतात. ज्यांच्याकडे तग धरायची सोय असते ते उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. पेनिसिलिनचे तुकडे पाडणारं विकर (एन्झाइम) काही जंतू स्वतःच तयार करतात, म्हणजे ते औषध निकामी करून टाकतात. असे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे ज्याने आयुष्यात फारशा गोळ्या घेतल्या नाहीत त्यालाही ते गाठू शकतात. ‘अंगाला सवय’ म्हटलं की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते आणि प्रश्न ज्याचा त्याचा खासगी वाटू लागतो.

म्हणून माझी पसंती ‘औषधाला न जुमानणारे जंतू’ याला. जुमानणं हे रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आहे आणि कर्ता समोर उभा राहतो. क्षयरोगाच्या बातम्यांत ‘औषधांना दाद न देणारा टीबी’ हा प्रयोग रुळलेलाच आहे, तोही उत्तम. ‘निर्ढावलेले जंतू’ ऐकायला झणझणीत, पण त्यातही सवयीची छटा येते, मी टाळेन.

‘प्रतिजैविक’ हा शब्द फलकावर एकटा नको. मेडिकलच्या काउंटरवर लोक ‘अँटिबायोटिक’ म्हणतात, नाहीतर ‘जरा कडक गोळी द्या’ म्हणतात. ‘जंतू’ या शब्दात विषाणूही येतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीचं वेगळं सांगावं लागेल. २०१६ पासून केंद्र सरकारने पाकिटावरच्या लाल रेघेचा प्रचार केला, तिचाही आधार घ्या. मजकूर असा करता येईल :

‘पाकिटावर लाल रेघ आहे? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊ नका. सर्दी-फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही. उगाच घेतलं तर औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, आणि ते घरातल्या इतरांनाही लागू शकतात.’