लेकीला डे केअर सेंटरमध्येच करिअर करायचंय

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. दिवाळीपासून ती मानेवाड्याकडच्या एका डे केअर सेंटरमध्ये मदतीला जाते. तिथे वयस्कर आणि दिव्यांग माणसं दिवसभर असतात. आता तिला हेच काम करायचंय. तिचे बाबा म्हणतात, हे आयाचं काम, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. यात भवितव्य आहे का?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, नमस्कार.

मुलगी दिवाळीपासून टिकून आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. हौसेनं येणारी कितीतरी मुलं पहिल्यांदा कुणाचं डायपर बदलायची वेळ आली की पुन्हा फिरकत नाहीत.

बाबांची काळजी रास्त आहे. मदतनीस म्हणून शिरलं आणि तिथेच राहिलं, तर पगार तुटपुंजाच राहतो. पण कामाला कमी लेखू नका. दुपारी चारच्या सुमारास स्मृतिभ्रंश झालेले आजोबा पिशवी उचलून फाटकाकडे निघतात. "घरी जातो, आई वाट पाहत असेल." नवखी मुलगी म्हणते, "आजोबा, तुमची आई कधीच गेली." आजोबांना तो घाव नव्यानं बसतो. जाणती कार्यकर्ती वाद घालत नाही. चपला घालून सोबत निघते, अंगणात दोन फेऱ्या मारते, आई काय छान रांधायची ते विचारते आणि बोलता बोलता त्यांना चहाला आणून बसवते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला व्हीलचेअरवरून उठवतानाही तसंच : आधी दोन्ही ब्रेक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला, आणि लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. हे सगळं शिकावं लागतं.

गरज तर डोळ्यांसमोर आहे. मुलं पुण्या-हैदराबादला, आईवडील इथे एकटे, ही आता धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतची गोष्ट आहे. त्याहून बिकट अवस्था बौद्धिक दिव्यांग तरुणांची. विशेष शाळेचं शिक्षण संपलं की तो मुलगा घरात बसतो आणि त्याच्यासोबत त्याची आईही नोकरी सोडून बसते. १९९९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'दिशा-कम-विकास' योजनेतली डे केअरची सोय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात), बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्या १० वर्षांपुढच्या व्यक्तींसाठी आहे.

आता शिक्षणाचं. तिच्यासाठी मला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, सर्वांत योग्य वाटते. २ वर्षांचा अभ्यासक्रम, कोणत्याही पदवीनंतर करता येतो आणि क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थांमध्ये जाऊन प्रत्यक्ष काम, त्याचाच भाग असतं. घर सोडायचीही गरज नाही. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाची समाजकार्य शिक्षण संस्था नागपुरातच आहे, तिरपुडे महाविद्यालयही आहे. वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याकडे तिचा कल ठेवा. केंद्र चालवणं, कुटुंबांचं समुपदेशन, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण या जागा तिथून खुल्या होतात आणि पगारही तिथेच वाढतो.

शिकवण्याकडे ओढ असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड. पाहा. मात्र अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी तपासा. १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक म्हणून काम करायला परिषदेची नोंदणी लागते. मान्यता नसलेल्या 'केअरगिव्हर' प्रमाणपत्रांवर हजारो रुपये घालवलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) हाही सुंदर मार्ग आहे, पण त्याला बारावी विज्ञान आणि 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागते, म्हणून तो इथे सोडून देऊ.

दरम्यान, सध्याच्या केंद्राकडून अनुभवाचं पत्र लिहून घ्या. त्यात तिनं नेमकं काय काम केलं ते असू द्या. आणि एखाद्या दिवशी बाबांना तिच्यासोबत पाठवा, तेही दुपारी, चारच्या आधी. बँकेचे फॉर्म भरायला हरकत नाही. फक्त एम.एस.डब्ल्यू.च्या प्रवेशाची तारीख त्या नादात चुकवू नका.