दहा वर्षांच्या मुलीचे केस घरच्या घरी जांभळे करायचे आहेत, पहिलीच वेळ आहे. कसे करू?

तुमची लेक दहा वर्षांची, केस काळेभोर आणि लांब. मे महिन्याच्या सुट्टीत जांभळे करायचे म्हणून ती मागे लागलीय आणि तुम्ही घरात कधी कुणाचे केस रंगवलेले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी मी हेच माझ्या मुलीसाठी केलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पण सुरुवात तिच्यापासून करत नाही, माझ्यापासून करते. माझ्या बाबतीत जे झालं त्यावरूनच तिच्या केसांचं सगळं ठरलं.

एकोणीस वर्षांची असताना मावसबहिणीच्या लग्नात मी हातावर काळ्या मेहंदीची नक्षी काढून घेतली. अर्ध्या तासात काळीकुळकुळीत रंगली. तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेघारेघांवर बारीक फोड आले, वेलबुट्टी होती तशीच्या तशी कातडीवर उठली. आठवडाभर खाजलं, मग गेलं, मी विसरूनही गेले. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पांढऱ्या केसांना डाय लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळेच उघडेनात. पापण्या, कपाळ, कान सगळं सुजलेलं, टाळूतून पाणी झिरपतंय. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली तेव्हा कारण कळलं: पॅरा-फिनिलिनडायअमीन, म्हणजे पीपीडी. काळ्या-तपकिरी पक्क्या डायमध्ये बहुतेक वेळा हेच असतं आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेहंदीतही हेच मिसळलेलं असतं. शरीराला एकदा त्याचं वावडं जडलं की ते सहसा जन्मभर राहतं. मला आता पक्का डाय कधीच लावता येणार नाही. बेंझोकेन असलेली बधिर करणारी मलमं वापरण्याआधीही डॉक्टरांना हे सांगावं लागतं, कारण त्यांचंही वावडं असू शकतं.

म्हणून तुम्हाला पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. केस रंगवा, कातडी रंगवू नका. टाळूला, मानेला, कानाला रंग लागणारच नाही अशा बेतानेच करायचं. म्हणजे फक्त टोकं, शेवटचे दोन-तीन इंच. आणि पक्का डाय मुलांना नाहीच. युरोपात अशा डायच्या पाकिटावर ‘सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही’ अशी सूचना छापावी लागते. आपल्याकडच्या नियमांतही डायच्या वेष्टनावर इशारा लागतो: आधी कातडीवर थोडा लावून तपासा, आणि पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो. दुकानात उभं राहून तो मजकूर एकदा वाचाच.

पक्का डाय ओळखायचा कसा? दोन बाटल्या किंवा दोन पुड्या एकमेकांत मिसळून लावायचा असेल, तर तो पक्का. ‘अमोनिया नाही’, ‘हर्बल’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका, त्यातही पीपीडी असू शकतं. मागची बारीक अक्षरं वाचा. पॅरा-फिनिलिनडायअमीन किंवा टोल्युइन-२,५-डायअमीन दिसलं की पाकीट परत फडताळावर ठेवायचं.

मेहंदीबद्दल तुम्हाला घरातून सल्ला मिळेलच, मला सासूबाईंनी दिला होता. शुद्ध मेहंदीच्या पानाचा रंग नारिंगी-लालसर. काळ्या केसांवर तो उन्हात तांबूस झाक देतो, त्याहून जास्त नाही. नुसत्या मेहंदीने काळा रंग येतच नाही, त्यामुळे ‘काळी मेहंदी’ नावाने जे मिळतं ते मुलांच्या जवळपासही नको. शुद्ध मेहंदीलाही एक अपवाद आहे. ज्या मुलांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या तांबड्या रक्तपेशी मेहंदी नुसती कातडीला लावल्यानेही फुटू शकतात. घरात कुणाला अशी कमतरता असेल, किंवा लेकीला एखाद्या औषधाने कावीळ झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेहंदी लावू नका. बीट, कॉफी, हळद यांनी काळे केस रंगत नाहीत. टॉवेल तेवढे रंगतात.

आता जांभळ्याकडे येते. आपल्या केसांवर नुसता जांभळा रंग लावला तर तो दिसत नाही, काळ्या कापडावर जांभळी शाई सांडल्यासारखं होतं. दिसायला हवा असेल तर आधी केसातलं काळं काढावं लागतं, म्हणजे ब्लीच. पण ब्लीचपर्यंत जायची गरज आहे का, हे आधी ठरवा. माझ्या मते दहा वर्षांच्या मुलीला पहिल्या खेपेला नाही.

आम्ही पहिल्यांदा रंगाचं हेअर वॅक्स आणलं. यात रंगाची पूड मेणात कालवलेली असते, ती केसावर बसते, आत जात नाही, म्हणून काळ्या केसावरही जांभळा स्वच्छ जांभळा दिसतो. एकदा शॅम्पूने न्हायलं की गेला. केसांना लावायचे खडूही मिळतात. केस किंचित ओले करून खडू ओढला की रंग जास्त उठतो. दोन्हीसाठी एकच अट, केसाला तेल नको. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारायला निघालेल्या पोरांच्या डोक्याला आम्ही नाशकात खोबरेल चोपडतो, रंग चिकटू नये म्हणून. इथे नेमकं उलटं. आदल्या दिवशी स्वच्छ न्हाऊ घाला, कंडिशनर लावू नका. वॅक्स वाळल्यावर फणी फिरवू नका, केस तुटतात, आणि ओढणी, उशी, पांढरा फ्रॉक जपा, तिन्हीला लागतं.

हे वॅक्स लावून माझी लेक एका वाढदिवसाला गेली आणि रात्री न्हाताना रंग मोरीतून वाहून गेला तेव्हा रडली. ‘माझा राहायला हवा होता’ म्हणाली. ते रडणं मला खरं वाटलं, म्हणून पुढच्या पायरीला मी तयार झाले. तुमची लेक वॅक्सवर खूश झाली तर तिथेच थांबा. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर वॅक्स, खडू किंवा क्लिपने लावायच्या रंगीत बटा, एवढंच.

पुढे जायचं ठरलं तर ब्लीचचं सांगते. लेकीला दमा असेल तर अजिबात नको, ब्लीचच्या पावडरीतले परसल्फेट नावाचे क्षार हवेत उडतात आणि धाप लागू शकते. केसांना आधी पाकिटातली मेहंदी लावली असेल तरी नको. काही मेहंद्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ब्लीच लागलं की केस तापतात, वितळल्यासारखे तुटतात.

आधी गुंतवळीवर करून बघा. आमच्या सासूबाई विंचरताना निघालेली गुंतवळ अजून पिशवीत साठवतात, केसांवर भांडी देणारी बाई येते म्हणून. त्यातली लेकीच्या केसांची एक गुंडाळी मागून घेतली, टोकाला दोरा बांधला आणि तिच्यावर ब्लीच लावून दर दहा मिनिटांनी पुसून पाहिलं. काळ्याचा आधी तांबूस तपकिरी झाला, मग विटकरी, मग नारिंगी. आपल्या केसातला रंग याच क्रमाने उतरतो. फिक्या पिवळ्यापर्यंत जायचं तर ब्लीच दोनदा-तीनदा लावावं लागतं, आणि तेवढ्यात केसाचा काथ्या होतो. आम्ही नारिंगीवर थांबायचं ठरवलं.

आणि इथेच जांभळ्याचा बेत बदलला. नारिंगीवर जांभळा लावला की मळका तपकिरी येतो. निळा लावला तर चिखल, पिवळ्यावर निळा लावला तर हिरवा. गुंतवळीवर तो तपकिरी रंग पाहून लेकीचा चेहरा उतरला. मग एकेका तुकड्यावर बाकीचे रंग लावून पाहिले आणि राणी कलर असा काही उठला की तिने टाळ्याच वाजवल्या. नारिंगीवर लाल, राणी, तांबडा हे रंग खुलतात. तुमच्या लेकीलाही हे आधी गुंडाळीवर दाखवा, डोक्यावर झाल्यावर नाही.

राणी कलर आम्ही अर्धपक्का घेतला, म्हणजे थेट बाटलीतून लावायचा, ज्यात डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, मिसळायचा नसतो. तरीसुद्धा कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून ४८ तास थांबले. कशाचंही वावडं असू शकतं. लाली, खाज, बारीक पुरळ, काहीही दिसलं तर रंग रद्द, मग पैसे गेले तरी जाऊ देत. माझ्या हातावरच्या त्या नक्षीला मी मनावर घेतलं असतं तर पुढचं टळलं असतं, हे मला अजून लागून राहिलंय.

प्रत्यक्ष करताना गॅलरीत खुर्ची टाकली, वारा होता. जुना टी-शर्ट, खांद्यावर जुना टॉवेल, माझ्या हातात हातमोजे. केसांच्या चार वेण्या घातल्या आणि प्रत्येक वेणीला टोकापासून तीन इंचांवर रबर घट्ट बांधलं. रंग कुठे थांबायचा ते त्या रबराने ठरतं, ब्लीच वर चढत नाही. प्लास्टिकची वाटी आणि ब्रश घ्या, स्टीलची वाटी नको. ब्लीचच्या पावडरीत मिसळायचा डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ३० आणि ४० व्हॉल्यूमचे म्हणजे नऊ आणि बारा टक्के, ते घरात आणूच नका. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं तेच. टोकांना लावून फॉइलमध्ये सैल गुंडाळलं, फॉइल पाठीला टेकू नये म्हणून मागे टॉवेलची घडी. ड्रायरने गरम करायचं नाही. दर दहा मिनिटांनी फॉइल उघडून पाहिलं, पस्तिसाव्या मिनिटाला हवा तो नारिंगी आला. धुतानाही डोकं मागे टाकून फक्त टोकं बादलीत, म्हणजे पाणी टाळूवर, डोळ्यांत जात नाही. डोळ्यात गेलंच तर नळाखाली सलग पंधरा मिनिटं पाणी सोडायचं आणि तडक डॉक्टरांकडे. उरलेलं कालवलेलं ब्लीच बरणीत झाकून ठेवू नका, वायू धरून झाकण उडतं. भरपूर पाण्याबरोबर ओतून टाका.

त्या पस्तीस मिनिटांत ती हलू नये म्हणून मी तिला पत्ते खेळायला बसवलं. तेव्हाच तिने शाळेतलं एक सांगितलं, जे सहा महिने तिच्या पोटात होतं. ते इथे लिहीत नाही. पण ही वेळ मोबाइल हातात देऊन घालवू नका, एवढं सांगावंसं वाटतं.

राणी कलर वाळलेल्या टोकांना लावला, चाळीस मिनिटं ठेवला, गार पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला. पुढचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदाच न्हाणं, गार पाणी, सौम्य शॅम्पू. उशीला जुना अभ्रा. घामाने कॉलर गुलाबी होते, मे महिन्यात तर होतेच. पोहायला जात असेल तर तलावात उतरण्याआधी टोकं साध्या पाण्याने भिजवून घ्या आणि टोपीत कोंबा. तलावाच्या पाण्यात तांबं असेल तर ब्लीच झालेले केस हिरवट होतात. आमचा राणी तीन आठवड्यांत गुलाबी झाला, मग फिका नारिंगी.

सासूबाईंना भीती होती की केस मुळातून पांढरे होतील. तसं होत नाही. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो, जिवंत असतं ते टाळूतलं मूळ, आणि तिथपर्यंत आपण काही पोचवतच नाही. टाळूला न लावण्याचा हा दुसरा फायदा. टोकं मात्र कोरडी होतात आणि दुभंगतात, ती परत पहिल्यासारखी होत नाहीत. त्यावर उपाय कात्रीच. आमची शाळा जूनच्या मध्याला उघडायची होती, दोन वेण्या आणि काळ्या रिबिनी. आदल्या रविवारी तीन इंच कापले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे ते तीन इंच सात-आठ महिन्यांत परत आले. म्हणून सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच रंगवा, शेवटच्या नको, नाहीतर लेकीला तो रंग चार दिवसही मिरवता येणार नाही. कापायचे आहेत हेही तिला आधीच सांगा आणि हो म्हणवून घ्या.

चेहरा सुजला, ओठ जड झाले, श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि रंगाचं वेष्टन सोबत न्या. म्हणजे वेष्टन त्या दिवशी कचऱ्यात टाकायचं नाही.

सुरू करण्यापूर्वी मला दोन गोष्टी कळवा: लेकीच्या केसांना याआधी कधी मेहंदी लावली आहे का, लावली असेल तर पानांची की पाकिटातली; आणि तिला दमा, इसब किंवा कशाचं वावडं आहे का. त्यावरून ब्लीचचा विचार करायचा की वॅक्सवरच राहायचं ते सांगते.