वाचक विचारतात : बूथमधला माणूस कोणाचा?

प्रश्न : कल्पनेवर कॉपीराइट नसतो म्हणतात. मग हॉलिवूडच्या 'फोन बूथ' चित्रपटावरून उचलल्याच्या आरोपात हिंदी 'नॉक आउट' कोर्टात कसा अडकला? (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : कल्पनेवर नसतोच. लपलेला नेमबाज कुणालातरी वेठीला धरतो, एवढ्यावर कोणाची मालकी नाही. पण 'फोन बूथ'मध्ये (2002) त्याची घट्ट वीण आहे: बूथमध्ये अडकलेला माणूस, फोन ठेवलास तर गोळी, भोवती पोलिसांचा वेढा, सगळ्यांदेखत कबुली. 'नॉक आउट'मध्ये (2010) बूथमध्ये इरफान खान, बंदुकीमागे संजय दत्त आणि भर काळ्या पैशाची. 'फोन बूथ'वाली फॉक्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर मनाई झाली. मग खंडपीठाने दीड कोटी रुपये जमा करण्याच्या अटीवर प्रदर्शनाला मोकळीक दिली.

कसोटी मात्र जुनीच, सर्वोच्च न्यायालयाची 1978 ची: दोन्ही कलाकृती पाहिलेल्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का? त्या खटल्यात 'हम हिंदुस्तानी'चे नाटककार 'न्यू दिल्ली' (1956) या चित्रपटाविरुद्ध हरले. प्रांतवाद दोन्हीकडे होता, पण चित्रपटाने हुंड्यासारखे विषय घेऊन मांडणी बदलली होती.

प्रश्न : 'मेमेंटो'च्या धर्तीवर पटकथा लिहितोय. 'गजनी' चालला, मग आमचे का नाही? नोंदणी केली की झाले ना?

उत्तर : 'मेमेंटो' या इंग्रजी चित्रपटात (2000) नायकाला नव्या आठवणी टिकत नाहीत; फोटो आणि अंगावरचे गोंदण हीच त्याची टिपणे. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात, कृष्णधवल सुलट, आणि शेवटी दोन्ही धागे जुळतात. त्यामुळे प्रेक्षकही नायकाइतकाच चाचपडतो. 'गजनी'ने (तमिळ 2005, हिंदी 2008) फोटो, गोंदण आणि 15 मिनिटांची आठवण ठेवली, उलटा क्रम सोडला, डायरीतून प्रेमकथा आणली. प्रेक्षकाला नायकाहून जास्त कळू लागले. कोडे गेले, सूड उरला. चालला तो सुडावर. नवखे लेखक नुसते गोंदण उचलतात. मग पाठलाग अर्धा तास चालतो आणि नायक काहीच विसरत नाही! प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर लिहा: या क्षणी त्याला काय आठवतेय, किती मिनिटे झाली.

मूळ चित्रपटाचे प्रसंग कार्डांवर डावीकडे मांडा, तुमचे उजवीकडे. सलग चार-पाच कार्डे त्याच क्रमाने जुळली, तर तिथली कारणसाखळी तोडा: तो तिथे का आला, कोणी पाठवले, चूक झाली तर काय बिघडेल. नावे आणि शहर बदलून नक्कल लपत नाही.

नोंदणी कॉपीराइट कार्यालयात फॉर्म 14 भरून करा. पटकथेला शुल्क 500 रुपये, हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. पटकथा लेखक संघटनेकडे सभासदांना ऑनलाइन नोंद करता येते. लेखन त्या तारखेला तुमच्याकडे होते, एवढाच तिचा आधार. उसने प्रसंग त्यामुळे तुमचे होत नाहीत.